वरच्या तेरा पट्ट्या

माझी भाची पियानो वाजवते आणि मी पियानो लावतो. लावतो म्हणजे सुरात आणतो. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ‘पियानो लावतो’ म्हटलं की निम्मे लोक विचारतात, कुठल्या भिंतीला? एका गृहस्थाने तर जाता जाता कपाटही सरकवून द्याल का म्हणून विचारलं होतं. दिलं सरकवून. माणूस वाईट नव्हता.

एकेचाळीस वर्षं हेच केलं. शाळांचे पियानो, हॉटेलांचे, नाचाच्या वर्गातले, डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंचा. माझा स्वभाव तापट आहे हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको. तरी माझी धाकटी बहीण दर आठवड्याला सांगतेच. पण कामात कुणी बोट दाखवावं अशी वेळ मी येऊ दिली नाही. निदान मी तसं समजत होतो.

भाचीचा पहिला अल्बम मागच्या महिन्यात निघाला. जॅझचा. सात रचना, सगळ्या तिच्या स्वतःच्या. लोक मला विचारतात, मामा, केवढा अभिमान वाटत असेल ना! वाटतो ना, का नाही वाटणार? पण त्याआधीचे चार महिने माझा जीव कसा टांगणीला लागला होता, ते कुणाला माहीत नाही. आता सांगायला हरकत नाही. आता सगळं पार पडलंय.

तिला आम्ही ठकी म्हणतो. लहानपणी दिसेल त्यावर ठकठक करायची. ताटावर, दारावर, बापाच्या पोटावर. बाप बस चालवतो. कामावरून आला की आडवा व्हायचा आणि ही दोन्ही हातांनी सुरू. तो बिचारा झोपेतच कूस बदलायचा, तर ही उठून पलीकडे जाऊन बसायची. पाच वर्षांची असताना एका शाळेने आपला जुना उभा पियानो काढून टाकायचा ठरवलं. मी चार माणसं लावली आणि तो बहिणीच्या घरी दुसऱ्या मजल्यावर चढवला. बहीण जिन्यात कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, “दादा, मी तुला सोफा बघायला सांगितला होता.”

सोफा त्या घरात अजून आलेला नाही. जागाच नाही.

तो पियानो मी दर चार महिन्यांनी लावायचो आणि ठकी माझ्या शेजारी स्टुलावर बसून पट्ट्या दाबायची. कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पियानोची एक पट्टी दाबली की आत बहुतेक ठिकाणी तीन तारांवर एकदम हातोडी पडते. त्या तिन्ही तारा अगदी एकसारख्या ताणलेल्या हव्यात. एखादी जरा जरी सैल असेल तर सूर हेलकावतो, वांव-वांव-वांव करतो. मग दोन तारांमध्ये रबराची पाचर घालून त्या गप्प करायच्या, एक तार लावायची, पाचर काढायची, दुसरी तार पहिलीला मिळवायची. तार ताणायची किल्ली केसभर फिरवायची आणि कान देऊन ऐकायचं. हेलकावा मंद होत जातो आणि एका क्षणी थांबतो. थांबला की सूर बसला. एवढंच काम आहे. पण ते अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांवर करायचं असतं आणि मध्ये कुणी चहा विचारला तरी माझं डोकं फिरतं.

ठकी सात वर्षांची असताना एकदा मी किल्ली फिरवत होतो आणि ती म्हणाली, “थांबला.” मला अजून हेलकावा ऐकू येत होता, म्हणजे मला तसं वाटत होतं. पुन्हा ऐकलं. खरंच थांबला होता. पोरीने माझ्याआधी ओळखलं होतं! मला इतका आनंद झाला की मी तिच्यावर ओरडलो, “मध्ये बोलायचं नाही.” त्यानंतर प्रत्येक तारेला ती हळूच म्हणायची, “थांबला.” मी ओरडणं सोडून दिलं.

पुढे एका बाईंकडे ती रीतसर शिकली, परीक्षा दिल्या, नोटेशन वाचायला लागली. चौदाव्या वर्षी रेडिओवर कुठेतरी जॅझ ऐकलं आणि बिघडली. जॅझ म्हणजे काय ते मला विचारू नका. माझ्या समजुतीप्रमाणे सूर सापडेपर्यंत शोधत राहायचं आणि सापडला की तिथून पळ काढायचा. ती म्हणते, “मामा, तुला जेवढं कळलंय तेवढं पुष्कळ लोकांना कळत नाही.” हे कौतुक आहे की चेष्टा, ते मी विचारलं नाही.

आता ती सव्वीस वर्षांची आहे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात काम करते. सकाळी सहा ते दुपारी दोन. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे. ओळीने नऊ मोठी मशिनं आहेत. त्यातलं सात नंबरचं जरा कललेलं आहे, त्यामुळे ते सरळ फिरत नाही, सातव्या ठोक्याला अडखळतं. बाकीच्या बायका त्याला शिव्या घालतात. ठकीने त्याच्यावर रचना केली. दुपारी घरी येते, तासभर झोपते आणि मग पियानोपाशी बसते. आई कामावरून आली की पहिलं वाक्य ठरलेलं, “ठके, दार लोटून वाजव.” कारण खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात आणि त्यांना आवाज सहन होत नाही. पंधरा वर्षांत त्यांनी वर येऊन तक्रार केली नसेल असा एकही महिना नसेल. अल्बमचं नावच तिने ‘दार लोटून’ ठेवलंय.

आता माझ्या भानगडीकडे येतो.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंचा पियानो लावत होतो. उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्यांवर आलो. अगदी वरचं सप्तक, तेरा पट्ट्या. दाबली तर सूरच नाही. नुसती लाकडावर लाकूड आपटल्यासारखी टक. मला वाटलं, हातोडीवरचा नमदा, म्हणजे दाबलेली लोकर, दमट झाला असेल. काढून बघितला, कोरडा ठणठणीत. दुसऱ्या दिवशी एका शाळेत तेच. तिसऱ्या दिवशी हॉटेलात तेच. सगळ्या शहरातल्या पियानोंचे नमदे एकाच आठवड्यात कसे दमट होतील? मूर्ख नाही मी. बहिणीच्या घरी गेलो तर ती म्हणाली, “दादा, केव्हाची शिट्टी होतेय कुकरची, गॅस बंद कर की!” मी शेजारीच उभा होतो. मला शिट्टी ऐकू आली नव्हती.

मी कुणालाही सांगितलं नाही. काय सांगणार? कानाने पोट भरणाऱ्या माणसाने कान गेले म्हणून सांगायचं? आणि सगळे कुठे गेले होते? खालचं, मधलं सगळं ऐकू येत होतं, पूर्वीसारखंच. फक्त वरच्या तेरा पट्ट्या. त्या मी हाताच्या अंदाजाने लावायला लागलो. एकेचाळीस वर्षांचा हात आहे, किल्ली किती फिरली की तार किती चढते हे मनगटाला माहीत असतं. आणि तसंही, त्या पट्ट्यांकडे जातो कोण? हॉटेलातला वाजवणारा तर मधलं सोडून कुठेच जात नाही, जेवणारे उठतील म्हणून. एका मॅनेजरने एकदा तक्रार केली, वरचं जरा विचित्र वाजतंय. मी त्यालाच झापला, तुमचा एसी आधी नीट करा म्हणून. बिचाऱ्याने एसीवाल्याला बोलावलं.

आमच्या धंद्यात एक तरुण आलाय. तो फोन बघून पियानो लावतो. फोन पियानोवर ठेवायचा, तार वाजवायची, पडद्यावर काटा मध्ये आला की झालं. त्याला मी ‘मोबाइलवाला’ म्हणतो आणि जिथे जाईन तिथे त्याची टिंगल करतो. म्हणजे करत होतो. “ज्या दिवशी मी पिशवीतून फोन काढेन त्या दिवशी समजा मी मेलो,” असं मी चारचौघांत म्हटलेलं आहे. एकदा नाही, दहादा.

तर मागच्या हिवाळ्यात ठकीला एका शाळेचं सभागृह मिळालं. तिथे उत्तम ग्रँड पियानो आहे, आडवा, काळा, लांबलचक. सुट्टीचे दोन दिवस मिळाले. त्यानंतर सभागृहाचं छप्पर काढायचं होतं आणि पियानो वर्षभर गोदामात जाणार होता. म्हणजे जे काय रेकॉर्ड व्हायचं ते त्या दोन दिवसांत, नाहीतर नाहीच. तिच्या जोडीला दोघं होती. डबल बेस, म्हणजे माणसाच्या उंचीचं तंतुवाद्य, वाजवणारा मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे त्याला घाई कशाची नसते. ड्रम वाजवणारी बालवाडीत शिकवते, त्यामुळे तिला आवाजाचं काही वाटत नाही. रेकॉर्डिंग करणारा एक किडकिडीत माणूस, हेडफोन डोक्यावरून कधी उतरवत नाही. मी त्याचं नाव कानटोपी ठेवलं.

ठकी माझ्या घरी येऊन म्हणाली, “मामा, पियानो तूच लावायचा.”

मी म्हटलं, “मग काय मोबाइलवाला लावणार?”

त्याच आठवड्यात मी फोनमध्ये ते काट्याचं सॉफ्टवेअर घेतलं. शिकलो. चांगलं असतं, खोटं कशाला बोलू. ठरवलं, सकाळी सातला सभागृहात पोचायचं, नऊपर्यंत कुणी येणार नाही. खालचं-मधलं कानाने लावायचं आणि वरच्या तेरा पट्ट्या गुपचूप फोनवर. चोरीचा माल असावा तसा तो फोन मी नमद्याच्या पट्टीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला.

सात वाजता मी झाकण उघडलं. सव्वासातला ठकी आली.

“तू कशाला आलीस इतक्या लवकर? जा, हात शेक, चहा पी.”

“चहा झाला. मी पट्ट्या दाबते ना. लहानपणीसारख्या.”

“मला गरज नाही.”

“मला आहे,” ती म्हणाली. “धडधडतंय.” आणि स्टूल ओढून बसली.

आता तिला काय सांगणार? फोन तळाशीच राहिला. आम्ही मधलं लावलं. खालचं लावलं. इतकं चांगलं काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. ती पट्टी दाबायची, मी किल्ली फिरवायचो आणि हेलकावा थांबला की ती हळूच म्हणायची, “थांबला.” सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी तोच आवाज. मी विसरून गेलो होतो की आपल्याला कशाची तरी भीती वाटतेय.

वरच्या तेरा पट्ट्यांवर आलो तेव्हा ती म्हणाली, “वरचं राहू दे ना, मामा. चांगलंय ते. वेळही कमी आहे.”

आणि खरंच चांगलं होतं. महिन्यापूर्वीच कुणीतरी लावून गेलं होतं, तारांच्या पिनांवर किल्लीच्या ताज्या खुणा दिसत होत्या. तिथे हात लावायचं काही कारण नव्हतं. माणसाने शहाणपणाने म्हणावं, बरं, राहू दे. पण ‘राहू दे’ म्हटल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, हिला संशय आलाय. मी म्हटलं, “अर्धवट काम करून उठणाऱ्यातला मी नाही! दाब.”

तिने दाबली. मला टक ऐकू आलं. मी किल्ली फिरवली.

तेरा पट्ट्या, प्रत्येकीच्या तीन तारा, एकोणचाळीस तारा. एकोणचाळीस वेळा टक. ती एकदाही ‘थांबला’ म्हणाली नाही. मी शेवटी विचारलं, “बसला ना?” तर म्हणाली, “हं.” मी साधनं गोळा केली, काहीतरी काम आहे म्हणालो आणि पळालो. रेकॉर्डिंगला थांबलो नाही.

बसथांब्यावर बसलो तेव्हा मला सगळं स्पष्ट कळलं. बरोबर लागलेला पियानो मी बिघडवून आलो होतो. पोरीच्या आयुष्यातले दोन दिवस, परत न मिळणारे, आणि मी माझ्या मिजाशीपायी त्यात माती कालवून आलो होतो. परत जाऊन सांगावं? दोनदा फोन लावला, दोनदा कापला. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तीन बस गेल्या, चौथीत बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. “मामा, झालं! मस्त झालं. पियानो काय बोलत होता!”

“वरचं?” मी विचारलं.

“वरचं काय?”

“काही नाही,” मी म्हटलं. “अभिनंदन.”

पुढचे चार महिने कसे काढले ते मलाच माहीत. अल्बमवर कानटोपीचं काम चाललं होतं आणि इकडे मी वाट बघत होतो, आज सांगेल, उद्या सांगेल, मामा, वरचे सूर बेसूर आलेत, सगळं फुकट गेलं. नवीन कामं घेणं मी बंद केलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत. बहिणीवर खेकसलो, बसवाल्या मेव्हण्यावर खेकसलो, एकदा तर भाजीवाल्याशी भांडलो, त्याचा काही दोष नसताना. बहीण म्हणाली, “दादा, तुला झालंय तरी काय? पूर्वी तू निदान कारणाने भडकायचास.”

मागच्या महिन्यात शनिवारी दुपारी चारला अल्बम निघाला. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत चाळीस खुर्च्या, समोर दोन मोठे स्पीकर, खिडकीतून ऊन. ठकीने ठरवलं होतं की भाषण नाही, काही नाही, सगळ्यांनी एकत्र बसून आधी पूर्ण अल्बम ऐकायचा. धुलाई विभागातल्या बायका आल्या होत्या, नटूनथटून, दोन रांगा भरून. आणि पहिल्या रांगेत कोण? खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर! इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्याकडे वळून म्हणाले, “पंधरा वर्षं अर्धं अर्धं ऐकलंय. आज म्हटलं दार उघडं ठेवून ऐकू.”

मी मुद्दाम शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलो. पळता येईल म्हणून.

सुरू झालं. पहिली रचना, दुसरी, तिसरी. मी खुर्चीची कड घट्ट धरून ऐकत होतो. आणि मला सगळं ऐकू येत होतं! एकही सूर टक म्हणून आला नाही. प्रत्येक सूर गोल, स्वच्छ, माझ्या हाताने लावलेला. सात नंबरचं मशीन सुरू झालं, सातव्या ठोक्याला अडखळलं, तशा धुलाईच्या बायका खुदकन हसल्या. मेव्हण्याने डोळे मिटून स्वतःच्याच पोटावर ताल धरला होता. क्षणभर माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग डोक्यात आलं, अरे गाढवा, जे तुला ऐकूच येत नाही ते बेसूर आहे की नाही हे तुला कसं कळणार? कदाचित वर काहीतरी भयंकर चाललं असेल आणि ते सगळ्यांना ऐकू येत असेल, तुझ्याशिवाय. मग मी ऐकणं सोडून लोकांची तोंडं बघायला लागलो. पोस्टमास्तरांचं तोंड जन्मापासून आंबट, त्यावरून काही कळेना. बहीण रडत होती, पण ती कशालाही रडते. कानटोपी भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटलेले. त्याच्या कपाळाला आठी पडतेय का, एवढंच मी पुढचा अर्धा तास बघत राहिलो.

संपलं. टाळ्या झाल्या, खूप झाल्या. ठकी उभी राहून सगळ्यांना नुसते हात जोडत होती. लोक तिच्याभोवती जमले आणि मी कानटोपीला कोपऱ्यात गाठलं. आता जे व्हायचं ते होऊ दे.

“खरं सांगायचं,” मी म्हटलं. “वरचं सप्तक किती वाईट आलंय?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “कुठलं वरचं सप्तक?”

“शेवटच्या तेरा पट्ट्या!”

“त्या वाजवल्याच कुठे आहेत? पूर्ण अल्बममध्ये एकदाही नाही. मी तिला विचारलं पण होतं, मुद्दाम का? तर म्हणाली, माझा हात तिथे जात नाही.” मग त्याने हेडफोन गळ्यात उतरवला, जे मी पहिल्यांदाच बघितलं. “पियानो तुम्ही लावलात ना? मधलं काम… असं आता कुणी लावत नाही हो.”

मी तिथेच खुर्चीवर बसलो. चार महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि मला एकदम भूक लागली. खरंच सांगतो, भूक. टेबलावर बिस्किटं होती, ती मी पाच खाल्ली. मग सहावं हातात घेतलं आणि विचार केला, हात तिथे जात नाही म्हणजे काय?

ठकीला मी मागच्या जिन्यात घेऊन गेलो.

“तुला माहीत होतं?”

“काय?”

“नाटकं करू नकोस, ठके.”

ती पायरीवर बसली. मीही बसलो. “तीन वर्षं,” ती म्हणाली. “घरच्या पियानोचा वरचा भाग उतरला होता. वाटलं, थंडीने असेल. मग तू येऊन लावलास आणि तो आणखी बिघडला. तेव्हा कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोललास?”

मी आवाज चढवला. “म्हणजे माझ्यासाठी तू तेवढा पियानो सोडून दिलास? उपकार केलेस माझ्यावर?”

ती हसायलाच लागली. “उपकार कसले आलेत! बेसूर पट्टीवर बोट पडलं की दात शिवशिवतात, मामा. दोन-तीनदा पडलं, मग बोटं आपोआप तिकडे जायची बंद झाली. सातही रचना घरच्या त्याच पियानोवर झाल्या. त्या खालीच राहायला शिकल्या. रेकॉर्डिंगच्या आधी मी सभागृहात सरावाला गेले तेव्हा वरच्या पट्ट्यांवर जाऊन बघितलं, तर त्यांना वरचं नकोच होतं. छान झालंय ना? मग?”

“आणि त्या दिवशी मी एकोणचाळीस तारांची वाट लावली तेव्हा?”

“मी म्हटलं होतं, राहू दे.”

“जोरात म्हणायचं!”

“तुला जोरात म्हणून कधी काही कळलंय?”

हे मात्र खरं होतं. मग जे मनात सलत होतं ते विचारलं. “लहानपणी तू ‘थांबला’ म्हणायचीस. त्या दिवशी वरती एकदाही म्हणाली नाहीस.”

“थांबलाच नव्हता,” ती म्हणाली. “खोटं कसं म्हणू?”

मला रडू आलं. लपवायला जागा नव्हती, जिना अरुंद आहे. तिने माझा हात धरला. मी नाक पुसलं आणि विचारलं, “शाळेने तक्रार केली असेल.”

“नाही केली. रेकॉर्डिंग झाल्यावर मी वरचं परत लावून घेतलं. तुझं नाव निघायला नको म्हणून.”

“कुणाकडून?”

ती दुसरीकडे बघायला लागली.

“मोबाइलवाल्याकडून?” मी ओरडलो. जिन्यात केवढा घुमला आवाज! “काय म्हणाला तो?”

“तो म्हणाला, फक्त वरचं करतो, मधल्याला हात लावत नाही. मधलं बिघडवायची माझी छाती नाही.”

मी ते दोनदा वदवून घेतलं.

त्यानंतर सगळं रीतसर झालं. बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, तिला कुकरच्या दिवशीच कळलं होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे हे ज्याला माहीत नव्हतं असा या घरात मी एकटाच होतो. कानाच्या डॉक्टरकडे गेलो. यंत्र येईल पुढच्या महिन्यात, माणसांचं बोलणं नीट कळेल, पण तारा लावायला त्याचा भरवसा धरू नका म्हणाला. डॉक्टरीणबाईंना आणि त्या हॉटेलच्या मॅनेजरला मी स्वतः जाऊन खरं ते सांगितलं. मॅनेजर म्हणाला, “एसी मात्र झकास चालतोय.” तिथलं वरचं सप्तक आता मोबाइलवाला लावतो, बाकीचं मी. त्याची टिंगल बंद केली आहे. पूर्ण नाही, जवळजवळ.

परवा रविवारी बहिणीकडे गेलो, घरचा पियानो लावायला. ठकी म्हणाली, नवीन काहीतरी सुचतंय आणि ते अगदी वरून सुरू होतं, शेवटच्या पट्टीपासून. मी म्हटलं, “मग बोलव तुझ्या त्या फोनवाल्याला.”

“नको,” ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. “तुझा हात, माझा कान.”

तिने पट्टी दाबली. टक. मी किल्ली फिरवली. ती म्हणाली, “अजून.” टक. “अजून जरा. जरा मागे. हं.” बहीण दारात येऊन उभी राहिली. दार लोटून घ्या म्हणाली नाही. खालून पोस्टमास्तरांचीही तक्रार आली नाही. आम्ही एकेक तार करत शेवटच्या पट्टीवर पोचलो, तेराव्या. तिने दाबली, मला लाकूड ऐकू आलं, मी मनगट केसभर वळवलं आणि तिच्याकडे बघत राहिलो.

“थांबला,” ठकी म्हणाली.

मी पुन्हा तपासलं नाही. किल्ली काढली, पुसली आणि पिशवीत ठेवली. मग तिला म्हटलं, आता वाजव.